मणक्यातली वाट मोकळी करायची, की स्क्रूही बसवायचे?

सायकल तासभर चालवता येते, पण कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चालत गेलं की पोटऱ्या भरून येतात. देवळाच्या पायऱ्या चढताना फारसं काही होत नाही, उतरताना पाय जड पडतात. साठीच्या पुढचं माणूस असं सांगू लागलं की घरच्यांना वाटतं, सोयीप्रमाणे दुखतंय. पण यामागे शरीरशास्त्र आहे. कमरेच्या कण्यातली नसांची वाट अरुंद होण्याच्या या आजाराला लंबर स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. कंबर पुढे वाकली की कण्यातली पोकळी किंचित मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. सायकलवर आपण वाकलेले असतो, उतारावर ताठ. मॉलमध्ये ट्रॉलीच्या दांड्यावर रेलून हीच मंडळी आरामात फिरतात, आणि डॉक्टर हे मुद्दाम विचारतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना असंच दुखतं, पण ते दुखणं नुसतं थांबलं की ओसरतं. इथे बसावं किंवा वाकावं लागतं.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो तो नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा. वयानुसार पुढून दोन मणक्यांमधली चकती फुगते, मागचे सांधे वाढतात, आतला पिवळसर अस्थिबंध जाड होतो आणि जुडगा चिमटीत सापडतो. बहुतेकदा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये. नेदरलँड्सचे न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली हा आजार सविस्तर मांडला, तेव्हापासून उपायाचं तत्त्व एकच आहे: मागची हाडाची कमान आणि जाड झालेला अस्थिबंध काढून नसांना जागा करून द्यायची.

पूर्वी अख्खी कमान काढत. आता बऱ्याचदा तिला खिडकी पाडून काम भागवतात, म्हणजे मधलं हाड आणि स्नायू शाबूत राहतात. खिडकी एका बाजूने पाडायची की दोन्ही, की मागचं टोकदार हाड कापून बाजूला सारायचं, यावर सर्जनांची मतं ठाम असतात. नॉर्वेत ४३७ रुग्णांवर या तिन्ही पद्धती ताडून पाहिल्या. दोन वर्षांनी निकालात फरक नव्हता. तेव्हा पद्धत कोणती यावर डोकं शिणवण्यापेक्षा सर्जनचा हात कशात बसलाय ते पाहिलेलं बरं.

खरा प्रश्न स्क्रूंचा आहे. हाड काढल्यावर कणा डळमळेल या भीतीने दोन मणके स्क्रू-रॉडने जखडून, हाडाची भर घालून एकसंध करतात. याला फ्यूजन म्हणतात. अमेरिकेत २००२ ते २००७ या काळात वयस्क रुग्णांमधली गुंतागुंतीची फ्यूजन शस्त्रक्रिया सुमारे १५ पट वाढली. जिवावर बेतणारी गुंतागुंत नुसती वाट मोकळी केलेल्यांत २.३ टक्के, तर या मोठ्या फ्यूजनमध्ये ५.६ टक्के होती.

मग स्क्रूंचा फायदा किती? २०१६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले आणि दोघांचे सूर वेगळे लागले. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांपैकी निम्म्यांना स्क्रू, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी रोजच्या हालचालीत फरक दिसला नाही, पाच वर्षांनीही नाही. स्क्रूवाले इस्पितळात सरासरी ७.४ दिवस राहिले, बाकीचे ४.१. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच होतं. अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र फ्यूजनला थोडं झुकतं माप मिळालं: चार वर्षांत दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं ते फ्यूजनवाल्यांपैकी १४ टक्क्यांना, इतरांपैकी ३४ टक्क्यांना. पण तिथे रुग्ण अवघे ६६, आणि सगळ्यांचाच मणका थोडा पुढे सरकलेला होता.

सरकलेल्या मणक्याचा हाच मुद्दा नॉर्वेने २०२१ मध्ये २६७ रुग्णांवर तपासला. हालचालीत लक्षणीय सुधारणा स्क्रूशिवाय ७१.४ टक्क्यांत, स्क्रूसह ७२.९ टक्क्यांत. पुन्हा शस्त्रक्रिया मात्र स्क्रू नसलेल्यांत थोडी जास्त, १२.५ विरुद्ध ९.१ टक्के. मला यातून एवढंच दिसतं की ‘मणका सरकलाय, म्हणजे स्क्रू हवेतच’ हे वाक्य डोळे झाकून मान्य करू नये. वाकून आणि ताठ होऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका खरोखर हलत असेल, कणा बाजूला वाकलेला असेल, किंवा नसेच्या बाहेर पडण्याच्या छिद्रापर्यंत पोचायला सांधाच काढावा लागणार असेल, तर गोष्ट वेगळी. ते एक्स-रे पाहायला मागायला संकोच कसला?

मधल्या काळात मागच्या दोन टोकदार हाडांमध्ये धातूची पाचर ठोकून पोकळी उघडी ठेवायची टूम निघाली होती. छोटा छेद, म्हणून आकर्षक. नेदरलँड्सच्या अभ्यासात पाचर बसवलेल्या २९ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, नेहमीच्या पद्धतीत ८ टक्क्यांना.

आणि सुरी न लावता? अमेरिकेत शस्त्रक्रियेला तयार असलेल्या १६९ जणांपैकी काहींना आधी फिजिओथेरपी दिली, बाकीच्यांना शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते, पण व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्क्यांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही त्याच आकड्यात दडलंय. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र व्यायामाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

एक गोष्ट टेबलावर जाण्याआधीच विचारून घ्यावी: दुखतंय ते पाय की कंबर? नसा मोकळ्या केल्या की पायांना आराम पडतो. निव्वळ कंबरदुखीला या शस्त्रक्रियेचा तितका भरवसा देता येत नाही.