अजून पितोय तरी मीटिंगला बसता येतं का? सभासद होण्याच्या अटीमागची पार्श्वभूमी

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली निनावी संघटना. तिच्या मीटिंगबद्दल लोक तोंडाने विचारतात ते एवढंच की जवळपास कुठे भरते. मनात असतो तो प्रश्न वेगळाच, की मी अजून पितोय, मग आत घेतील का, आधी महिनाभर सोडून दाखवावी लागेल का. "जरा कंट्रोलमध्ये आली की जाईन" असं म्हणत आमच्या घरातल्या एका माणसाची सहा वर्षं गेली, आणि अशी कुठली अटच नव्हती हे आम्हाला फार उशिरा कळलं. अट एकच, दारू सोडायची इच्छा. म्हणून इथे बाकीचं थोडक्यात आणि त्या अटीबद्दल जास्त लिहितोय.

एएची सुरुवात 1935 ची, अमेरिकेतलं ॲक्रन गाव, दारूच्या विळख्यातले दोघं, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. 1939 मध्ये पुस्तक निघालं, दारू सोडायच्या वाटेवरच्या बारा पायऱ्या आल्या आणि गावोगावी ग्रुप उभे राहायला लागले. गडबड इथून सुरू झाली. प्रत्येक ग्रुपने आपापले नियम केले, कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, कोण ग्रुपचं नाव खराब करेल. मध्यवर्ती ऑफिसने हे सगळे नियम मागवून एकत्र केले तेव्हा लक्षात आलं की सगळे एकदम लावले तर एकही माणूस आत येऊ शकला नसता. यामागे भीती होती, नुकतीच सुटलेली माणसं होती ती, एखादा पिऊन आला की आपलंही बिघडेल असं त्यांना वाटायचं, आणि ती भीती मला खोटी वाटत नाही.

1946 मध्ये परंपरा म्हणून, म्हणजे सगळ्या ग्रुपसाठी सामायिक तत्त्वं म्हणून, जे लिहिलं गेलं त्यात ठरलं की बरं व्हायची इच्छा असलेल्या कोणालाही नाही म्हणायचं नाही. तरी एक शब्द मागे राहिलाच होता. 1939 च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सभासद व्हायला दारू सोडायची "प्रामाणिक इच्छा" हवी असं होतं, आणि मीटिंगच्या सुरुवातीला वाचतात त्या निवेदनातही 1947 पासून तोच शब्द आला. आता प्रामाणिकपणा मोजणार कोण? बायकोने हाताला धरून आणलेला, नोकरी जायच्या भीतीने आलेला, सकाळी शपथ घेऊन संध्याकाळी गुत्त्यावर दिसणारा, यातला प्रामाणिक कोणता? 1958 मध्ये निवेदनातून "प्रामाणिक" काढून टाकलं आणि उरली फक्त इच्छा. ती आहे की नाही हे ज्याचं त्याने सांगायचं. यामुळे मीटिंगा ढिल्या झाल्या असं म्हणणारे जुने लोक आजही भेटतात, पण मला तरी हा एएचा सगळ्यात मोठ्या मनाचा निर्णय वाटतो, कारण पहिल्या दिवशी प्रामाणिक असण्याइतकी ताकद त्या माणसात नसतेच हो, ती येते चार मीटिंगा बसल्यावर.

आपल्याकडे एए आलं 1957 मध्ये, मुंबईत, आणि तेव्हा मुंबई कागदावर कोरडी होती. 1949 चा कायदा, 1950 पासून पूर्ण दारूबंदी, गल्लोगल्ली हातभट्टी, आणि परमिट नसताना पिणं हा गुन्हा. बारच्या पाटीवरचं "परमिट रूम" हे त्याच काळाचं उरलेलं नाव, परमिट अजूनही आरोग्य राखण्यासाठी म्हणूनच देतात. अशा शहरात चार लोकांत "मी दारुडा आहे" म्हणायचं तर आडनाव न सांगण्याची सोय किती मोठी असेल बघा. नंतर बंदी सैल झाली, पुढे गडचिरोलीत 1993 ला नव्याने आली, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली, गावोगावी बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. मीटिंगवाल्यांनी यातल्या कशावरच भूमिका घेतली नाही, कारण बाहेरच्या वादात मत द्यायचं नाही ही पण परंपराच. यावर कार्यकर्ते चिडतात, पण त्यामुळेच बंदीच्या बाजूचा आणि विरोधातला असे दोघंही शेजारी खुर्च्या टाकून बसू शकतात.

1980 नंतर व्यसनमुक्ती केंद्रं वाढली, पुण्यातलं एक मोठं केंद्र 1986 चं, आणि तिथून गोंधळ वाढला, लोक केंद्र आणि मीटिंग एकच समजायला लागले. केंद्रात दाखल व्हावं लागतं, औषधं असतात, बऱ्याच ठिकाणी फी असते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूमुळे होणारे मानसिक त्रासही मानसिक आजारात धरलेत, त्यामुळे उपचार देणाऱ्यांना तो कायदा बघावा लागतो. मीटिंगमध्ये उपचारच नसतात, हजेरीपट नाही, फी नाही, शेवटी थैली फिरते आणि ज्याला जमेल तो दहा-वीस टाकतो, बाहेरची देणगी घेत नाहीत. (रोज पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करायच्या आधी डॉक्टरला गाठावं, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं.)

जाहिरात करायची नाही असंही ठरलेलं असल्यामुळे शोधताना मोठा बोर्ड दिसत नाही. चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग, समाजमंदिराची खोली, अशा जागी तास-दीड तास भरते. एएच्या हेल्पलाईनला फोन केला की मराठी मीटिंग कुठली, वार कोणता, ओपन की क्लोज्ड ते सांगतात. ओपनला घरचे पण बसू शकतात, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी, आणि घरच्यांची मीटिंग वेगळी असते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हॉल बंद झाले तेव्हा मीटिंगा झूमवर गेल्या आणि परदेशात राहणारे मराठी लोकही जोडले गेले. आमच्या घरातला तो माणूस तेव्हाच पहिल्यांदा बसला, कॅमेरा बंद, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, आणि बोलायची पाळी आली तेव्हा म्हणाला की मी आत्ताच घेतलीय. चेअरमन म्हणाला, बसा, ऐका.