एड्सबाधितांमधील सीएमव्ही दृष्टिपटलदाह : विषाणुरोधी उपचार

सायटोमेगॅलो विषाणूमुळे, म्हणजे सीएमव्हीमुळे, डोळ्याच्या दृष्टिपटलाचा होणारा विनाशकारी दाह. कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूच्या हर्पीस कुळातलाच हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात बालपणीच शिरतो आणि निरोगी माणसात आयुष्यभर सुप्त राहतो. एचआयव्हीच्या संसर्गाने प्रतिकारशक्ती खचून रक्तातील सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटरला ५० च्या खाली गेल्या की तो पुन्हा सक्रिय होऊन रक्तावाटे दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास त्या पटलाच्या पेशी मरत जातात आणि मेलेला भाग पुन्हा कधीही पाहू शकत नाही. म्हणूनच उपचाराचा हेतू गेलेली दृष्टी परत आणणे हा नसून उरलेली राखणे हा असतो.

या रोगात डोळा सहसा लाल होत नाही आणि दुखतही नाही. डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणे, प्रकाशाचे झोत चमकल्यासारखे वाटणे, नजरेचा एखादा कोपरा अंधारणे एवढीच लक्षणे असतात. रोग पटलाच्या कडेला असेल तर तीही नसतात. त्यामुळे सीडी-४ फार कमी असलेल्या रुग्णाची तक्रार नसली तरी बाहुली थेंबांनी मोठी करून पटल कडेपर्यंत तपासणे आवश्यक असते. नाशिक जिल्ह्यात एचआयव्हीचे औषध जिल्हा रुग्णालयातील एआरटी (एचआयव्हीला रोखणारे औषधोपचार) केंद्रासारख्या ठिकाणी मिळते, तर पटलाची तपासणी नेत्रविभागात होते. केंद्रातून नेत्रविभागाकडे चिठ्ठी वेळेवर गेली तर रोग लवकर सापडतो, आणि सगळ्या औषधांइतकेच महत्त्व या चिठ्ठीला आहे.

गॅनसायक्लोव्हिर हे या रोगावरील पहिले मान्यताप्राप्त औषध. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये परवानगी मिळाली. विषाणूचेच एक विकर (एन्झाइम) या औषधाला फॉस्फेट जोडते, पुढचे टप्पे पेशीची विकरे पूर्ण करतात आणि तयार झालेले रूप विषाणूच्या डीएनएची जुळणी थांबवते. हे पहिले विकर उत्परिवर्तनाने बदलले की औषध निष्प्रभ होऊ लागते. अशा वेळी त्या विकरावर अवलंबून नसलेले फॉस्कारनेट उपयोगी पडते. मात्र त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि रक्तातील कॅल्शियमसारख्या क्षारांचा तोल ढळतो. गॅनसायक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून उपचार चालू असताना रक्ततपासणी वारंवार करावी लागते. १९९८ मध्ये आलेले फोमिव्हर्सेन हे अँटिसेन्स प्रकारातील, म्हणजे विषाणूच्या जनुकीय संदेशाला चिकटून तो बंद पाडणाऱ्या औषधांतील, पहिले मान्यताप्राप्त औषध होते, पण एआरटीमुळे रुग्णच घटल्याने ते काही वर्षांत बाजारातून गेले. औषध बंद पडण्याचे इतके समाधानकारक कारण क्वचितच मिळते.

गॅनसायक्लोव्हिर शिरेतून द्यायचे तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि नंतर एकदा द्यावे लागते. २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी हा व्याप पुष्कळ कमी केला : ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे तीन आठवड्यांनंतर एकदा. तिसरा मार्ग म्हणजे थेट डोळ्याच्या काचद्रवात (डोळ्याच्या आत भरलेल्या पारदर्शक द्रवात), साधारणपणे २ मिलिग्रॅम गॅनसायक्लोव्हिरची, सुई देणे. पटलाच्या मध्यभागाला किंवा दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) धोका असेल तर ही सुई आणि गोळ्या एकत्र दिल्या जातात. केवळ सुईने दुसऱ्या डोळ्याचे वा आतड्यासारख्या इतर अवयवांचे रक्षण होत नाही.

गोळ्या महाग असल्याने केवळ सुयांवर भागवण्याचा मोह होतो. पण पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून सुईसाठी दर आठवड्याला नाशिकला येणाऱ्याची प्रत्येक वेळी एका दिवसाची मजुरी बुडते आणि सोबतीला येणाऱ्या नातेवाइकाचीही बुडते. द्राक्षहंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला जाणाऱ्या कुटुंबांत तर फेऱ्या चुकण्याचा संभव आणखी वाढतो. या भागात औषधाची निवड करताना रुग्ण किती वेळा येऊ शकेल हा प्रश्न सीडी-४ च्या आकड्याइतकाच विचारात घ्यायला हवा.

प्रत्येक दाह सीएमव्हीचा नसतो. कांजिण्यांच्या विषाणूमुळे होणारा पटलाचा जलद ऱ्हास काही दिवसांतच अंधत्व आणतो. त्यात शिरेतून आणि डोळ्यात अशी दुहेरी औषधे तातडीने द्यावी लागतात. कपाळ-पापणीवरील नागिणीत मात्र अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या सहसा पुरतात. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्षय आणि उपदंश (सिफिलिस) यांचे पटलावरील डाग कधी सीएमव्हीसारखे दिसतात, पण विषाणुरोधी औषधांना दाद देत नाहीत.

खरा बदल घडवला तो एआरटीने. भारतात ती राष्ट्रीय कार्यक्रमातून १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी प्रत्येक बाधिताला सुरू केली जाते. तरीही निदान उशिरा झालेल्यांत आणि औषध मध्येच सोडलेल्यांत हा रोग आढळतो. सीएमव्हीवरील औषध आधी सुरू करून साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी जोडली जाते. प्रतिकारशक्ती परतू लागली की काही रुग्णांच्या डोळ्यांत नव्याने दाह होतो. तो विषाणू वाढल्यामुळे नव्हे, तर सावरलेल्या पेशींच्या प्रतिक्रियेमुळे होतो आणि त्यावर स्टिरॉइड लागू पडते. विरलेल्या पटलाला छिद्रे पडून ते सुटले तर काचद्रव काढून सिलिकॉन तेल भरण्याची शस्त्रक्रिया करतात. डाग निष्क्रिय झाले आणि सीडी-४ तीन ते सहा महिने १०० च्या वर टिकले, तर नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने विषाणुरोधी औषध थांबवता येते. त्यानंतरही सुरुवातीला दर तीन महिन्यांनी पटल तपासले जाते.