लिनक्स अवघड आहे, पण नेमकं कुणाला?

हातात अँड्रॉइड फोन असेल तर तुम्ही लिनक्स वापरताच आहात. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतलेलं कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी, अँड्रॉइडच्याही मुळाशी आहे. फोनला कुणी अवघड म्हणत नाही, कारण तो हातात येतो तेव्हा सगळं आत बसवलेलं असतं. विंडोजचंही तेच. ते स्वतः इन्स्टॉल करायची वेळ बहुतेकांवर कधी आलेलीच नसते. लिनक्स मात्र आपणच टाकायचं, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

वाय-फाय घ्या. अनेक वाय-फाय चिपना सुरू होताना फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो चिपमध्ये कायमचा नसतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मागणीवरून कर्नल डिस्कवरची फाइल वाचतं आणि ती चिपमध्ये भरली जाते. फाइल चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची. ती वाटायची परवानगी नसेल, किंवा चिप फारच नवी असेल, तर नेटवर्कची यादी कोरीच दिसते. फाइल नेटवरून उतरवावी म्हटलं, तर नेटच नाही! अशा वेळी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलं, की बहुधा भागतं.

म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालणारं लिनक्स, चालवून पाहावी. इन्स्टॉलचं बटण दाबत नाही तोवर डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा, आणि लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपलेला लॅपटॉप जागाच होत नाही, ही तक्रार जुनीच आहे.

एकदा बसलं की मात्र काही कामं विंडोजपेक्षा सुटसुटीत. नवं सॉफ्टवेअर सहसा अनोळखी साइटवरून उतरवावं लागत नाही; ते डिस्ट्रोच्या, म्हणजे कर्नल आणि लागणारे प्रोग्रॅम एकत्र बांधलेल्या तयार लिनक्सच्या, भांडारातून, डिजिटल सही तपासून येतं. अपडेटही तिथूनच, बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमचे एकदम.

फोटोशॉप लिनक्ससाठी येत नाही, त्यामुळे त्यावर पोट असेल तर या वाटेला जाऊ नये. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर वर्डच्या फाइली उघडतं, पण गुंतागुंतीच्या मांडणीत तक्ते सरकतात. गेम बरेच चालतात. अँटी-चीट, म्हणजे खेळातली फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम, असलेले काही अडून बसतात.

ब्राउझर, मेल आणि व्हिडिओ एवढ्यावर ज्याचं भागतं, त्याला लिनक्स मिंटसारखी डिस्ट्रो कुणी बसवून दिली तर फारसा फरक जाणवणार नाही. मुरलेल्या माणसाचा प्रश्नच नाही. फजिती होते ती मधल्याची. विंडोजच्या खाचाखोचा त्याला पाठ असतात, त्या इथे चालत नाहीत. मग तो नेटवर सापडलेली ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ न वाचताच टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवतो आणि पासवर्डही देतो. सुडो म्हणजे त्या ओळीला अख्ख्या मशीनचे अधिकार. मग ती सांगेल ते पुसलं जाणार, सिस्टीमच्या फाइलींसकट.