कोडमधली कॉमेंट: पंचकार्डापासून आजपर्यंत

आयबीएम 704 या संगणकासाठी 1957 मध्ये फोरट्रान ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आली, तेव्हा प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक पंचकार्ड, म्हणजे भोके पाडून मजकूर नोंदवलेले कागदी कार्ड, असे. 80 स्तंभांच्या त्या कार्डावर पहिल्याच स्तंभात ‘सी’ हे अक्षर असले, की कंपाइलर (प्रोग्रामचे संगणकाच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तो मजकूर कॉमेंट, म्हणजे माणसांसाठीची टीप, समजून छापील यादीपुरता ठेवून पुढच्या कार्डाकडे वळे. व्हेरिएबलच्या (प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या जागेच्या) नावाला जेमतेम सहा अक्षरांची मुभा असल्याने मुद्दल कोणते आणि व्याज कोणते हे नावावरून उमगत नसे. त्यामुळे ‘ही ओळ काय करते’ एवढे सांगणारी कॉमेंटही तेव्हा खरोखर उपयोगाची होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये आलेला सीडीसी 3600 हा संगणकही याच कार्डांच्या काळातला.

कोबोल या प्रोग्रामिंग भाषेच्या निर्मात्यांनी ती इंग्रजीसारखी वाचता येईल अशी घडवली, तेव्हा कोड स्वतःच बोलेल अशी अपेक्षा होती. ती किती अपुरी होती, हे 1990 च्या दशकाच्या अखेरीस वायटूकेच्या, म्हणजे दोन अंकी वर्षे लिहिणारे प्रोग्राम 2000 सालासाठी दुरुस्त करण्याच्या, कामात दिसले. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रासारख्या ठिकाणी बसून परदेशातील जुने प्रोग्राम तपासताना ‘वर्ष 99 असल्यास नोंद वगळावी’ अशा अर्थाची अट समोर आली, तर ती वाचायला अवघड नव्हती. पण 99 म्हणजे 1999 साल, की ‘मुदत नाही’ हे सांगण्यासाठी कोणीतरी योजलेली खूण, हे त्या ओळीवरून ठरवता येत नसे. लिहिणारा बहुधा निवृत्त झालेला. तिथे कारण सांगणारी एक ओळ असती, तर कित्येक तासांचे काम वाचले असते.

पुढे व्हेरिएबलच्या नावांची लांबी वाढली, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद 2005 मध्ये आलेल्या गिटसारख्या साधनांकडे गेली. फाइलीच्या माथ्यावरची बदलांची जंत्री त्यामुळे अनावश्यक ठरली, तरी काही जण ती अजून इमानाने लिहितात!

कारणाची जबाबदारी मात्र कॉमेंटकडेच राहिली. बँकेच्या आयएफएससी कोडचे उदाहरण घ्या. त्यातील 11 अक्षरांपैकी पाचवे नेहमी शून्य असते आणि ग्राहक तिथे सर्रास ‘ओ’ टाइप करतात, म्हणून एखादा प्रोग्राम त्याचे शून्य करतो. ‘पाचवे अक्षर बदला’ ही कॉमेंट वाया गेली. ‘ग्राहक शून्याऐवजी ओ टाइप करतात, म्हणून’ एवढे लिहिलेले असेल, तर साफसफाईच्या भरात ती ओळ उडवायला निघालेला नवा प्रोग्रामर थांबेल.