खिडक्यांचा कारभारी

सांगलीत विश्रामबागला माझ्या वहिनींचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, अ‍ॅडमिशनचे फॉर्म, जून-जुलैत तर पाय ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी असाच एकदा तिथं बसून मी त्यांच्या स्क्रीनकडं बघत होतो. एका खिडकीत गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाचा फोटो, दुसरीत फॉर्म, आणि दोन्ही स्क्रीनभर पसरलेल्या. चार आकडे बघायचे, खिडकी बदलायची, टाइप करायचे, परत मागं जायचं, एका आधार नंबरला तीन फेऱ्या, मग पासबुकावरचा खाते नंबर, मग आयएफएससीची ११ अक्षरं. "भावजी, हे सारखं मागं-पुढं करून डोकं फिरतंय ओ," म्हणाल्या.

त्यात वहिनींची काहीच चूक नाही. अनोळखी आकडे माणसाच्या डोक्यात एका दमात साधारण सातच राहतात, जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा यावरचा १९५६ सालचा लेख प्रसिद्ध आहे, सात अधिक-उणे दोन. आधार नंबर १२ आकडी. म्हणजे समोर दिसत नसलेला नंबर टाइप करायचा तर फेऱ्या मारणं आलंच, आणि प्रत्येक फेरीत एखादा आकडा इकडचा तिकडं व्हायची भीती. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी दिसल्या तर लक्षात ठेवायचं कामच उरत नाही, डोळा नुसता डावीकडून उजवीकडं जातो.

आता खिडक्या शेजारी लावणार कोण? बहुतेकांना वाटतं ते काम कम्प्युटरच करतो. खरंतर त्यासाठी एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात विंडो मॅनेजर. विंडोजवर आणि मॅकवर तो आतच बसवलेला असतो त्यामुळं दिसत नाही, पण लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकटच्या सिस्टमवर, तो सुटा आहे, आवडला नाही तर काढून दुसरा लावायचा.

हे सुटं असणं आलं एक्स विंडो सिस्टममुळं, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टमवर स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममुळं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८४ ला तिचं काम सुरू झालं आणि १९८७ ला तिची अकरावी आवृत्ती, एक्स ११, आली, ती अजून हजारो मशीनवर चालते. ती बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठरवलं की एक्सनं फक्त चित्र काढायचं आणि की-बोर्ड-माउसचं ऐकायचं, खिडकी कुठं ठेवायची, केवढी करायची, तिला वर नावाची पट्टी कशी लावायची यात पडायचं नाही. जत्रेत कसं, पालवाला आला की त्यानं मनानं पाल ठोकायचं नसतं, जागा वाटणारा माणूस सांगेल तिथं ठोकायचं. तसंच इथं, एखादा प्रोग्राम म्हणतो मला खिडकी उघडायचीय, एक्स ती मागणी परस्पर मंजूर न करता विंडो मॅनेजरकडं वळवते, तो जागा ठरवतो. आणि हा हक्क एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, दुसरा विंडो मॅनेजर सुरू करायला गेलात तर तो एक आधीच चालू आहे असं सांगून बंद होतो.

मी एकदा विंडो मॅनेजर न लावताच एक्स सुरू करून बघितलं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं ते डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटलं, वर नावाची पट्टी नाही, बंद करायची फुली नाही. दुसरं टर्मिनल उघडलं ते बरोबर पहिल्याच्या डोक्यावर, आता खालचं बाहेर काढायला काही मार्गच नाही. माउसचा बाण ज्या खिडकीवर असेल तिच्यात टायपिंग जातं, बाण जरा बाहेर सरकला की की-बोर्ड मुका. पाच मिनिटांत कळलं की आपण ज्याला "विंडो" म्हणतो त्यातलं निम्मंअधिक विंडो मॅनेजरचंच काम आहे. ज्याला शिकायचंय त्यानं हे एकदा करून बघावंच.

विंडो मॅनेजरच्या मुख्य तऱ्हा दोन. एक म्हणजे टेबलावर कागद टाकल्यासारख्या एकावर एक खिडक्या ठेवणारा, ओपनबॉक्स, आईसडब्ल्यूएम, एक्सएफसीई या डेस्कटॉपचा स्वतःचा, हे सगळे त्यातले. दुसरा टायलिंग, फरशी बसवल्यासारख्या खिडक्या शेजारी-शेजारी, एकावर एक नाही आणि मध्ये रिकामी जागा नाही. आयथ्री, डीडब्ल्यूएम, एक्समोनॅड ही त्यातली नावं. टायलिंग हे नवीन फॅड आहे असं कुणी म्हणलं तर सांगा, १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या शेजारी-शेजारीच लागायच्या, एकावर एक यायला लागल्या त्या १९८७ च्या दुसऱ्या विंडोजपासून.

कुठला घ्यायचा हे स्क्रीनशॉट बघून ठरवू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या कामात डोळा एका वेळी किती ठिकाणी लागतो ते बघा. एकच व्हिडिओ किंवा एकच ब्राउझर दिवसभर उघडा असेल तर काहीही चालतं. फोटोचं काम, छोट्या-छोट्या पट्ट्या उघडणारी सॉफ्टवेअर, तिथं एकावर एकवालाच बरा. पण बघून लिहिणं, हिशेब ताडणं, कोड लिहिणं, फॉर्म भरणं, इथं टायलिंगचा खरा उपयोग.

आणखी एक गैरसमज. हलका विंडो मॅनेजर टाकला की जुनं मशीन पळायला लागतं असं सांगतात. थोडा फरक पडतो, कारण भारी डेस्कटॉपबरोबर (म्हणजे विंडो मॅनेजर, मेनू, पट्ट्या असा तयार संच) येणारा बाकीचा लवाजमा जातो. पण हिशेब करून बघा, सावली आणि पारदर्शकपणा दाखवणारे कंपोझिटर नावाचे प्रोग्राम प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं साठवतात, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण खिडकीला होतात ४१,९६,३५२ बाइट, म्हणजे सव्वाचार एमबीच्या आत. दहा खिडक्या झाल्या तरी ४२ एमबी. मशीनची ४ जीबी रॅम खरी खातात ते ब्राउझरचे उघडे टॅब, आणि विंडो मॅनेजर बदलला म्हणून ब्राउझर हलका होत नाही.

वहिनींच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चालणारी नव्हतीच, तिथं मी लिनक्स टाकून आयथ्री लावला. अंगठ्याचं मशीन जोडलेला दुसरा कम्प्युटर विंडोजवरच ठेवला, तिथं हात लावला नाही. पहिला दिवस वाईट गेला. आयथ्रीत मिनिमाइझच नाही, त्या वर फुल्या शोधत बसल्या. शिवाय नुसत्या विंडो मॅनेजरबरोबर मराठी टायपिंग आपोआप सुरू होत नाही, आयबस हा टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम मशीनबरोबर सुरू होणाऱ्यांच्या यादीत आपल्याला घालावा लागतो, वायफायच्या चिन्हाचंही तेच. मी ते विसरलो आणि सकाळी अकरा वाजता दुकानात गर्दी असताना देवनागरी येईना.

स्क्रीन बरोबर निम्मी करूनही भागलं नाही, वाट्याला ६८३ पिक्सेल येतात आणि फॉर्म आडवा सरकवावा लागतो. शेवटी फॉर्मला ९००, कागदाच्या फोटोला उरलेले ४६६ असं बसवलं, आणि व्हॉट्सअ‍ॅप वेगळ्या वर्कस्पेसवर, म्हणजे खिडक्यांच्या दुसऱ्या पानावर, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) दाबून २ दाबलं की समोर. चार कीज् कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवल्या. (विंडोजच सोडता येत नसेल तर विंडोजची की दाबून डावा-उजवा बाण वापरा, निम्मं काम तिथंच होतं.)

नवीन लिनक्सवर आता एक्सच्या जागी वेलँड येतंय, तिथं चित्र जोडणारा आणि खिडक्या लावणारा एकच प्रोग्राम असतो, त्यामुळं बदलायचा तर सगळंच बदलतं. आयथ्रीची सवय असेल त्याला स्वे नावाचा प्रोग्राम तिथं जवळपास तसाच मिळतो.

परवा दुकानात गेलो तर मॉनिटरवरच्या त्या कागदावर खाली पेनानं पाचवी ओळ लिहिलेली, सुपर आणि एफ, फोटो मोठा. ती मी शिकवली नव्हती.