ग्वाकामोले : ८३ वर्षांची बंदी आणि त्यानंतरचे ताट

मूळ नाव 'आवाकामोल्ली'. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत 'मोल्ली' म्हणजे वाटण, म्हणून हे अ‍ॅव्होकॅडोचे वाटण. आज ज्यांच्यावाचून ते पुरे वाटत नाही ते लिंबू आणि कोथिंबीर स्पॅनिश जहाजांबरोबर आले. त्याआधी मिरची, टोमॅटो आणि फळाचा गर एवढ्यावर भागायचे. कृती मात्र अजून तीच. मोल्काहेते, म्हणजे तीन पायांचा काळ्या दगडाचा खल, त्यात मिरची, कांदा आणि मीठ आधी रगडायचे, मग गर घालून जाडसर चेचायचा. पाट्यावरच्या खर्ड्याला जसा खरबरीतपणा येतो, तसाच इथे हवा. मेक्सिकोत ते वाडगाभर पुढे घेऊन बसायचे खाणे नाही. गरम तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या पोळीवर, किंवा ती सारण भरून दुमडलेल्या ताकोवर चमचाभर पडणारे ते तोंडीलावणे आहे.

हे तोंडीलावणे तिथल्याच माणसाला महाग का झाले, याचे उत्तर शेजारच्या देशाच्या एका निर्णयात आहे.

१९१४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या अ‍ॅव्होकॅडोला सीमेवर अडवले. कारण दिले बी पोखरणाऱ्या भुंग्याचे. आंब्याच्या कोयीतला भुंगा आपल्या बागायतदारांना चांगला ठाऊक आहे, त्यामुळे ही भीती पोकळ होती असे मी म्हणणार नाही. पण बंदीच्या आडोशाला कॅलिफोर्नियात बागा वाढल्या, आणि त्यांना बाहेरचा स्पर्धक नको होता. तिथल्याच एका पोस्टमनच्या बागेत रुजलेल्या झाडाचे १९३५ मध्ये पेटंट झाले. तेच 'हास' वाण: जाड, खडबडीत सालीचे, पिकल्यावर काळे पडणारे, लांबचा प्रवास सोसणारे. पुढे मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या शेतकऱ्यांनीही हेच वाण लावले. अमेरिकेला फळमाशीचीही धास्ती होती; हासचे फळ झाडावर असेपर्यंत ही माशी त्यात सहसा अंडी घालत नाही, हा मेक्सिकोचा मुख्य युक्तिवाद होता. तो अमेरिकेच्या गळी उतरायला फार काळ गेला. शेवटच्या काही दशकांत किडीपेक्षा भाव जपण्याचीच काळजी जास्त होती, असे माझे मत आहे.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार १९९४ मध्ये अमलात आला, तरी दार किलकिले व्हायला १९९७ उजाडले. तेही कसे, तर मिचोआकानमधल्या मंजूर बागांचाच माल, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या फक्त १९ राज्यांत, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात. म्हणजे चुकून कीड आलीच, तर थंडीत मरावी. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांचा यालाही विरोध होता. सगळी राज्ये खुली झाली २००७ मध्ये. त्याच वर्षी लासलगावला विकिरण करून आपला हापूसही अमेरिकेत गेला. त्यामुळे कोकणातल्या माणसाला ही रखडपट्टी वेगळी समजावून सांगायला नको.

मग मागणी उसळली. अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, म्हणजे सुपर बोलला, ग्वाकामोले हवेच, अशी रीत पडली. मिचोआकानमध्ये पाइनचे जंगल तोडून बागा डोंगर चढल्या, आणि पैशामागोमाग खंडणी मागणाऱ्या टोळ्या आल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे निर्यातीचा माल तपासणाऱ्या एका अमेरिकी तपासनिसाला धमकी आली आणि आठवडाभर निर्यात थांबली. एवढ्या एका गोष्टीवर किती घरांची चूल अवलंबून होती, ते त्या आठवड्यात दिसले.

सर्वांत जास्त सल मला २०१९ ची वाटते. त्या उन्हाळ्यात अ‍ॅव्होकॅडोचे भाव इतके चढले, की मेक्सिको सिटीतल्या काही ताकोवाल्यांनी त्याच्याविनाच हिरवे वाटण करायला घेतले. कालाबासिता, म्हणजे झुकिनीसारखा कोवळा हिरवा भोपळा, तेलात परतायचा आणि तोमातियो (हिरव्या टोमॅटोसारखे आंबट फळ), मिरची, लसूण, कोथिंबीर घालून मिक्सरमधून काढायचा. रंग तोच, दाटपणाही जवळपास तोच. बऱ्याच गिऱ्हाइकांना फरक कळला नाही.