माध्यमिक शाळेतला भावनिक आधार

माध्यमिक शाळेतला भावनिक आधार म्हणजे साधारण ११ ते १८ वयाच्या मुलामुलींना भीती, एकटेपणा, घरातली भांडणं, कुणाचा मृत्यू, दादागिरी, परीक्षेचं टेन्शन अशा गोष्टींत शाळेकडून मिळणारी मदत. वर्गशिक्षकांनी बाजूला घेऊन विचारपूस करण्यापासून ते प्रशिक्षित समुपदेशकाच्या ठरलेल्या सेशनपर्यंत सगळं यात येतं. डिप्रेशनसारख्या आजारावरचे उपचार हा डॉक्टरांचा विषय, पण मुलाची मनःस्थिती बिघडतेय हे कित्येकदा पहिल्यांदा शाळेतच कुणाच्या तरी लक्षात येतं, त्यामुळे ही हद्द प्रत्यक्षात पुसटच राहते.

सुरुवात कुठून धरायची

यावर एकमत नाही. इंग्लंडमधले बरेच लेखक थॉमस आर्नल्डपासून सुरू करतात. आर्नल्ड १८२८ ते १८४२ रग्बी शाळेचे मुख्याध्यापक होते, मुलांची नैतिक जडणघडण हे शाळेचंच काम आहे असं त्यांनी ठासून सांगितलं, आणि निवासी शाळांमधल्या हाउस पद्धतीतून (मुलांचे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाच्या देखरेखीखाली ठेवायचा) प्रत्येक मुलाकडे लक्ष ठेवणारा एक ठरलेला मोठा माणूस शाळेत असावा ही कल्पना रुजली असं मानतात. हे अर्धंच पटतं. आर्नल्डना हवी होती ती धार्मिक आणि नैतिक शिस्त, शिवाय वरच्या वर्गातल्या मुलांना लहानांवर देखरेखीचे आणि शिक्षा करायचेही अधिकार होते, म्हणजे घाबरलेल्या लहान मुलाने ज्याच्याकडे जायचं त्याच्याच हातात छडी. शाळेची रचना तिथून आली हे मान्य, पण आधार तिथून आला म्हणणं जरा जास्तच होतं.

अमेरिकन पाठ्यपुस्तकांत पहिला मान जेसी डेव्हिस यांना मिळतो. डेट्रॉइटच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये ते अकरावीच्या मुलांचे समुपदेशक म्हणून काम बघायचे, साधारण १८९८ ते १९०७ असा काळ दिला जातो, आणि १९०७ मध्ये ग्रँड रॅपिड्सला मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी इंग्रजी निबंधाच्या तासातच आठवड्यातून एकदा पुढे काय व्हायचं, कसं वागायचं यावर मुलांना लिहायला लावलं. काही ठिकाणी डेव्हिस यांच्या कामाची सुरुवात १८८९ अशी छापलेली दिसते. ती जवळपास अशक्य वाटते, कारण डेव्हिस यांचा जन्मच १८७१ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम १८ वर्षांचे. १८९८ मधले शेवटचे दोन आकडे कुणाकडून तरी उलटे पडले आणि पुढच्यांनी न तपासता उचलले असं असावं. दुसरे दावेदार फ्रँक पार्सन्स. त्यांनी १९०८ च्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये निघालं. पण ते केंद्र शाळेच्या बाहेर होतं आणि शाळा सोडून कामाला लागणाऱ्या तरुणांसाठी होतं, त्यामुळे शाळेपुरतं बोलायचं तर डेव्हिस यांचं पारडं जड आहे. तरी दोघांच्याही कामाचा गाभा नोकरी आणि चारित्र्य हाच, मुलाला आत काय वाटतंय हा प्रश्न त्यात ओघाने यायचा.

तिसरा धागा क्लिनिकचा. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू केलं, आणि तिथली पहिली केस म्हणजे १४ वर्षांचा एक मुलगा, स्पेलिंग अजिबात जमत नाही म्हणून त्याच्या शिक्षिकेनेच आणलेला. तपासल्यावर त्याच्या डोळ्यांतही दोष निघाला. लंडनमध्ये १९१३ साली सिरिल बर्ट यांची शाळांसाठीचे मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली, तिथेही भर मुख्यतः बुद्धी मोजण्यावर.

या सगळ्यात कमी चर्चा होते ती घरी जाणाऱ्या शिक्षिकांची. १९०६-०७ च्या सुमाराला न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या तीन शहरांत शाळेच्या वतीने मुलाच्या घरी जाऊन येणाऱ्या कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. मूल गैरहजर का, वर्गात झोपतं का, घरी कोण आजारी आहे, धाकट्या भावंडांना कोण सांभाळतं हे त्या जाऊन बघायच्या आणि शिक्षकांना येऊन सांगायच्या. आजच्या शालेय समाजकार्याची सुरुवात इथून धरतात. भावनिक आधार याच अर्थाने बघायचं तर हे मूळ डेव्हिस किंवा आर्नल्ड यांच्यापेक्षा जवळचं वाटतं, कारण इथे प्रश्न मुलाच्या वागणुकीपाशी थांबत नव्हता, त्यामागे काय चाललंय ते विचारलं जात होतं.

दुसऱ्याच कामाच्या पाठीवरून आलेली मदत

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा प्रभाव पडला. रॉचेस्टरमध्ये मुलांसोबत बरीच वर्षं काम केल्यावर त्यांनी १९४२ च्या पुस्तकात मांडलं की समोरच्याला सल्ले देत बसण्यापेक्षा त्याचं नीट ऐकून घ्यावं, वाट त्याची त्यालाच सापडते. शाळांतल्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणात हे लवकर शिरलं. पण पैसा आला तो वेगळ्याच कारणाने. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यात हुशार मुलं हेरून त्यांना विज्ञान-गणिताकडे वळवण्यासाठी समुपदेशक तयार करायची तरतूद झाली. समुपदेशकांची संख्या भराभर वाढली, पण त्यांच्या टेबलावर टेस्ट, विषयनिवड आणि कॉलेज प्रवेशाच्या फायली येऊन पडल्या आणि त्या अजून हलल्या नाहीत. तिथल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे, बहुतेक राज्यांत प्रत्यक्षात एकामागे त्याहून जास्त मुलं असतात.

हाच प्रकार बाकी ठिकाणीही दिसतो. भावनिक आधारासाठी म्हणून जागा क्वचितच निघाली, ती शिस्त, करिअर, आरोग्य नाहीतर संरक्षण अशा दुसऱ्याच कशाच्या तरी आडून आली, आणि वेळ कमी पडला की आधी काटली जाते तीसुद्धा हीच. आयर्लंडमध्ये २०१२ साली मार्गदर्शन समुपदेशकांचे वेगळे तास बंद करून ते शाळेच्या एकूण शिक्षकसंख्येत धरायला लागले, तेव्हा समुपदेशक पुन्हा विषय शिकवायला लागले आणि एकेका मुलाला द्यायचा वेळ आटला.

ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतल्या साधारण मुलांच्या शिक्षणावरच्या १९६३ च्या न्यूसम अहवालानंतर १९६५ मध्ये रेडिंग आणि कील विद्यापीठांत शिक्षकांसाठी समुपदेशनाचे कोर्स निघाले, पुढे काटकसरीत बऱ्याच जागा गेल्या. वेल्समध्ये मात्र २०१३ च्या कायद्याने ११ ते १८ वयाच्या मुलांसाठी समुपदेशन उपलब्ध करून देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. नॉर्वेत १९८२ मध्ये तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांचा दादागिरीविरोधी कार्यक्रम आला, तो संपूर्ण शाळेला धरून चालतो.

जपानची वाट वेगळी आणि शिकण्यासारखी. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुपरी या डोळ्यांच्या आजाराच्या साथीमुळे शाळांत नर्स आल्या, १९४१ मध्ये त्यांना शिक्षकांचा दर्जा मिळाला. त्यांचं काम आरोग्याचं, पण पोट दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून दर आठवड्याला त्याच तासाला येणारं मूल त्यांना ओळखू यायला लागलं, कारण ताप नाही, जखम नाही, आणि घंटा झाली की दुखणं गायब. वर्गात पाय टाकवत नाही अशी काही मुलं रोज थेट आरोग्य खोलीतच येऊन बसतात आणि तेही शाळेत येणंच समजलं जातं. पोटदुखी म्हणून आत जाता येतं, कुणी नावं ठेवत नाही, हा या खोलीचा मोठा गुण. खास समुपदेशक तिथे १९९५ मध्ये, १५४ शाळांपासून, सरकारी प्रयोग म्हणून सुरू झाले.

भारतात मुदलियार आयोग (१९५२-५३) आणि कोठारी आयोग (१९६४-६६) दोघांनीही शाळेतल्या मार्गदर्शनावर लिहिलं, मुख्यतः अभ्यासक्रम आणि व्यवसाय निवडीच्या अंगाने. २०२० मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मनोदर्पण हा उपक्रम आणला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं सांगितलं, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं.

शिक्षक की बाहेरचा माणूस

जुना वाद हाच. एक बाजू म्हणते मूल रोज ज्याला बघतं त्याच्यापाशीच मोकळं होतं, दुसरी म्हणते जो मार्क देतो आणि पालकांना फोन करतो त्याच्यापाशी कोण कशाला तोंड उघडेल. अलीकडच्या चाचण्यांवरून दुसरीकडे थोडा कल जातो. बिहारमधल्या सेहेर या अभ्यासात (२०१८) सरकारी माध्यमिक शाळांत तोच कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी आणि काही ठिकाणी खास नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी राबवला. समुपदेशक होते तिथे शाळेतलं वातावरण स्पष्ट सुधारलं, शिक्षकांकडे होता तिथे फरक पडला नाही. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळांवर झालेल्या चाचणीत (२०१५) धोक्याची चिन्हं ओळखायला शिक्षकांना शिकवून आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले नाहीत, मुलांनाच ताण आणि मनःस्थितीबद्दल बोलतं करणाऱ्या कार्यक्रमाने मात्र वर्षभरात ते घटले. याचा अर्थ शिक्षक कुचकामी असा कुणी काढू नये. मूल समुपदेशकाच्या दारापर्यंत पोचतं ते बहुधा कुणा शिक्षकाच्या नजरेमुळेच, फक्त आधीच भरलेल्या वेळापत्रकावर आणखी एक काम लादून आधार तयार होत नाही.

सगळ्या वर्गाला एकत्र द्यायचे उपायही दरवेळी लागू पडत नाहीत. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ११ ते १४ वयाच्या मुलांवर माइंडफुलनेसचे, म्हणजे मन चालू क्षणावर आणायच्या सरावाचे, तास घेऊन पाहिले, २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसला नाही. लंडनच्या १८ शाळांत समोरासमोरच्या समुपदेशनाची चाचणी झाली (२०२१), आठवड्याला एक अशी जास्तीत जास्त १० सेशन्स, त्यात त्रास कमी झाला पण फरक लहान होता.

सेशनची सुरुवात साधारण सगळीकडे एकाच बोलण्याने होते: तू जे सांगशील ते इथेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुझ्याशी बोलेन. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोललं नाही आणि गोष्ट नंतर स्टाफरूममध्ये फिरली तर ते मूल परत येत नाही, त्याच्या मित्रमैत्रिणीही येत नाहीत. खोली कुठे आहे यालाही महत्त्व आहे. मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून, काचेचं दार, बाहेर बाकावर बसून वाट बघायची अशी व्यवस्था असेल तर ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच तिकडे फिरकत नाही, म्हणून काही शाळा लायब्ररीजवळची खोली देतात आणि वर्गात देण्याच्या चिठ्ठीवर कारण लिहीत नाहीत.